भाषा कोणाची, वेदना कोणाची?

मोखाडा तालुक्यातील एका निवासी आश्रमशाळेत आम्ही काही वर्षे मराठी शिकवले. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता. जव्हार आणि मोखाडा हे ठाणे जिल्ह्याच्या नकाशातले कोपऱ्यातले तालुके होते. चौथीच्या मुलांना आम्ही 'माझे घर' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका वारली मुलाने लिहिले होते की आमच्या घरात कोंबड्या आहेत, नागलीची कणगी आहे आणि हिरवा आहे. 'हिरवा' या शब्दाखाली आम्ही लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'हिरवा काय? वाक्य अपुरे.'

दुसऱ्या दिवशी मुलाने वही परत आणली. वाक्य पुरे केले होते. 'आमच्या घरात हिरवा रंग आहे.' आम्ही बरोबरची खूण केली आणि वही त्याच्या हातात दिली.

पुढे त्याच पाड्यावर एका लग्नाला जाण्याचा योग आला. घराच्या कोपऱ्यात टोपलीत मोराच्या पिसांचा एक जुडगा जपून ठेवलेला दिसला. आम्ही विचारले तेव्हा म्हाताऱ्याने सहज सांगितले, हा हिरवा, आमचा घरचा देव. भिंतीवर चौक लिहिला होता. त्याच्यापुढे बसून धवलेरी लग्नाची गाणी गात होत्या. त्यांच्या गाण्याशिवाय वारल्यांचे लग्न लागत नाही. त्या गाण्यातले निम्मेसुद्धा आम्हाला कळले नाही. तरी त्यांच्या मुलांना भाषा शिकवायला आम्ही तिथे होतो!

त्या मुलाचे पहिले वाक्य पुरे होते. अपुरे होते ते आमचे ज्ञान. आमच्या व्याकरणाला खूश करण्यासाठी त्या पोराने आपल्या घरातला देव काढून तिथे रंग बसवला आणि आम्ही त्याला शाबासकी दिली. ही शाबासकी आम्हाला आजही टोचते. याचे एक कारण असे की शाबासकी कशी टोचते हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होते.

आमच्या शाळेत 'माझा आवडता सण' या विषयावर आम्ही रमजान ईदवर निबंध लिहिला होता. गुरुजींनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला आणि कौतुकाने म्हणाले, "मुसलमानाच्या पोराचे मराठी बघा किती शुद्ध आहे!" गुरुजी भले होते. त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या दिवशी आम्हाला प्रथम कळले की ज्या भाषेत आपली आजी जात्यावर ओव्या म्हणते, त्या भाषेत आपण पाहुणे आहोत. मराठी मुसलमान लेखकांपैकी ही शाबासकी ज्याला मिळाली नाही असा माणूस विरळा. आजही एखाद्या कार्यक्रमानंतर कोणी जवळ येऊन म्हणतो, "तुमचे मराठी फार छान आहे हो!" त्याच सभेत इतर वक्त्यांना मात्र कोणी असे म्हणत नाही.

या दोन वह्या, एक आमची आणि एक त्या वारली मुलाची, आम्ही बरीच वर्षे वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. जुझे क्राव्हेरिन्या या आफ्रिकी कवीविषयी वाचले तेव्हा त्या एकमेकींशेजारी येऊन पडल्या.

क्राव्हेरिन्या मोझांबिकचे. आमच्या वाचकांना हा देश दूरचा वाटेल, पण तो तसा नाही. मोझांबिक हे नावच, असे मानतात की, त्या बेटावरच्या मूसा बिन बिक या मुसलमान सरदाराच्या नावावरून पडले. वास्को द गामा १४९८ साली तिथे पोचला तेव्हा तिथल्या बंदरात अरबी आणि स्वाहिली व्यापाऱ्यांचा वावर होता. त्याच आफ्रिकेतून आलेल्या हबशांनी आपल्या कोकणात जंजिरा वसवला. जे पोर्तुगीज मोझांबिकमध्ये बसले, तेच १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईत बसले होते, आणि जव्हारच्या कोळी राजांचा शेजार त्यांना सुखाने राज्य करू देत नव्हता. मोझांबिकचा पहिला कवी म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते कांपुश ओलिव्हेरा (१८४७ ते १९११) गोमंतकीय वंशाचे होते. गोव्यात शिकले, तिथल्या नियतकालिकांत लिहू लागले आणि परत जाऊन १८८१ साली त्यांनी 'रेविश्ता आफ्रिकाना' हे मोझांबिकमधले पहिले वाङ्मयीन नियतकालिक काढले. म्हणजे ही गोष्ट समुद्राच्या दोन्ही काठांची आहे.

क्राव्हेरिन्या यांचा जन्म २८ मे १९२२ रोजी लोरेन्सो मार्केस येथे झाला. या शहराला आज मापुतो म्हणतात. वडील दक्षिण पोर्तुगालमधून पोटासाठी आलेले गोरे, आई रोंगा जमातीची काळी. लहानपणीच मुलगा आईच्या घरातून वडिलांच्या घरी आला. आईची भाषा मागे राहिली आणि वडिलांची भाषा जिभेवर बसली. पुढे ते पत्रकार झाले. 'ओ ब्रादो आफ्रिकानो' या पत्रात आणि इतरत्र त्यांनी काळ्या वस्तीविषयी लिहिले. 'शिगुबो' हा पहिला संग्रह १९६४ साली लिस्बनमध्ये निघाला. तेथील वसाहतींमधल्या विद्यार्थ्यांच्या संस्थेने तो छापला. मुक्तिलढ्याशी संबंध असल्याच्या आरोपावरून सालाझारच्या गुप्त पोलिसांनी त्यांना पकडले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातली सुमारे चार वर्षे ते तुरुंगात होते. मालांगताना हा थोर चित्रकारही त्याच काळात कैदेत होता. मोझांबिक २५ जून १९७५ रोजी स्वतंत्र झाले. तुरुंगातल्या कविता 'सेला १' या नावाने १९८० साली प्रसिद्ध झाल्या. पत्नीच्या मृत्यूनंतर तिच्यावर लिहिलेल्या कविता 'मारिया' या संग्रहात आहेत. पोर्तुगीज भाषेतला सर्वोच्च मानला जाणारा कामोंइश पुरस्कार १९९१ साली त्यांना मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले आफ्रिकी लेखक. ६ फेब्रुवारी २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या भाषेतल्या हुकमाने त्यांना कोठडीत टाकले, त्याच भाषेने पुढे त्यांच्या गळ्यात हार घातला. हा कवीचा विजय म्हणावा की त्या भाषेचा? आमचा प्रश्न इथून सुरू होतो. ज्याने जखम केली त्याच्या भाषेत जखम सांगावी का? सांगितली तर ती आपली राहते का?

वसाहतीच्या काळात मोझांबिकमध्ये माणसांचे कायद्याने दोन वर्ग केले होते. एक 'इंदिजेना', म्हणजे एतद्देशीय. त्याला शिबालो म्हणजे वेठबिगारी करावी लागे. दुसरा 'आसिमिलादो', म्हणजे सामावून घेतलेला. पोर्तुगीज नीट लिहिता-बोलता येते, राहणी त्यांच्यासारखी आहे, जमातीच्या चालीरीती सोडल्या आहेत, असे सिद्ध करणाऱ्याला तसा दाखला मिळे. शंभरात एकालाही तो मिळत नसे. १९६१ साली हा कायदा रद्द झाला. या व्यवस्थेतली खरी मेख अशी की तिच्यात मारणारा हातच तेवढा नव्हता, पाठीवर थाप देणारा हातही होता. 'तू त्यांच्यासारखा नाहीस, तुझे पोर्तुगीज किती शुद्ध आहे!' आमच्या गुरुजींचे वाक्य आम्हाला इथे ओळखीचे वाटले.

गोव्यातही हेच झाले होते. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला शिकावे. हुकूम पुरा अंमलात आला नाही. आजी जिवंत असेपर्यंत भाषा मरत नाही. पण आपल्या बोलीची लाज वाटायला हुकमाची गरज लागत नाही, शाळेतली लाल शाई पुरते.

या प्रश्नाला आफ्रिकेतच तीन उत्तरे मिळाली. केनियाचे न्गुगी वा थ्योंगो इंग्रजीतले नामवंत कादंबरीकार होते. त्यांनी ठरवले की यापुढे आपल्या गिकुयू भाषेतच कथा-कादंबरी लिहायची, आणि २०२५ साली मृत्यू येईपर्यंत ते या भूमिकेवर ठाम होते. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांचे म्हणणे असे की इंग्रजी आपल्या वाट्याला आली आहे, तर ती वापरू, पण तिला आपल्या अनुभवाचा भार उचलायला लावू.

क्राव्हेरिन्यांनी काय केले? त्यांनी पोर्तुगीज सोडली नाही, पण तिच्या घरात रोंगाला न विचारता नेऊन बसवले. 'शिगुबो' हे रोंगा युद्धनृत्याचे आणि त्याच्या ढोलाचे नाव. लिस्बनच्या वाचकाला ते कळणार नव्हते. तरी पुस्तकाच्या कपाळावर तेच राहिले. १९७४ साली निघालेल्या संग्रहाचे नाव 'कारिंगाना वा कारिंगाना'. गोष्ट सांगणारा म्हातारा सुरुवातीला हे शब्द म्हणतो, जसे आपण 'आटपाट नगर होते' म्हणतो. त्यांनी पोर्तुगीज वाचकाला सांगितले की माझी कविता वाचायची तर तू जरा वाकून आत ये.

त्यांच्या एका कवितेत ते आपल्या गोऱ्या वडिलांशी बोलतात. तिच्यात माया आहे. राजवटीचा राग त्यांनी बापावर काढला नाही आणि बापाच्या मायेपोटी राजवटीला माफही केले नाही. भाषेविषयी विचार करताना हा भेद फार मोलाचा आहे. पोर्तुगीज ही त्यांना हुकमाची भाषा होती, तशी बापाची भाषाही होती. जी भाषा मायेने कानात पडली ती परकी कशी म्हणावी?

आता आमच्याकडे वळू. आम्हा मराठी मुसलमानांना दोन बाजूंनी विचारणा होते. एक बाजू म्हणते, तुम्ही मराठीत कसे? दुसरी बाजू, तीही आपल्याच माणसांची, म्हणते, उर्दू सोडून मराठीत का? खरे म्हणजे आमच्यातल्या कित्येकांच्या घरची बोली यांतली कोणतीच नाही. कोकणातल्या घरात कोकणी मुसलमानांची बोली आहे, देशावर आणि मराठवाड्यात दखनी आहे. पण मराठी आमच्यावर कोणी लादलेली नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला त्याला चारशे वर्षे होत आली. शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राची मैदाने भरली. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते परवानगी मागायला भरले नव्हते. मराठी ही आमची वडिलोपार्जित मिळकत आहे आणि तिच्यावरचा हक्क आम्ही सोडणार नाही. हे आम्ही अनेक व्यासपीठांवरून सांगितले आहे आणि पुन्हा सांगू.

पण मोखाड्याच्या त्या वर्गात आम्ही कोण होतो? इथे आम्हाला थांबावे लागले. मुंबई-पुण्याच्या सभागृहात आम्ही दाराशी उभे असलेले लोक होतो. त्या वर्गात दाराची किल्ली आमच्या खिशात होती. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी मुलांपुढे प्रमाण मराठी घेऊन जो उभा राहतो, तो कोणत्या धर्माचा आहे याने त्या मुलाला फरक पडत नाही. त्याच्यासाठी आम्हीच पोर्तुगीज होतो. अन्याय सोसलेला माणूस अन्याय करणार नाही अशी आपली एक भाबडी समजूत असते. ती खरी नाही. सोसणे ही काही सनद नव्हे. एखाद्याच्या पायाखाली आपण असतो तेव्हा आपल्या पायाखाली कोणी आहे का हे पाहायचे राहून जाते. आम्ही आमची वेदना सांगण्यात इतके गुंतलो होतो की समोरच्या वहीतला देव आम्हाला दिसला नाही. त्यातून शब्द 'हिरवा'! ज्या रंगावरून आमच्याकडे संशयाने पाहिले जाते, त्याच शब्दाकडे आम्हीही संशयानेच पाहिले.

यावर आमचे एक शिक्षक मित्र जो आक्षेप घेतात तो टाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, "भाई, तुम्ही बोलीचे कौतुक करता, पण त्या पोराला उद्या तहसील कचेरीत जायचे आहे. वनहक्काचा दावा तो काय वारलीत लिहिणार?" मित्राचे म्हणणे खरे आहे. या पट्ट्यातल्या आदिवासींच्या जमिनी ज्या कागदांनी गेल्या, ते त्यांना वाचता आले नव्हते. अंगठा उठवला आणि शेत सावकाराचे झाले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको मालकाकडे राबत, त्याला लग्नगडी म्हणत. या वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली डहाणू-तलासरीच्या भागात वारल्यांनी उठाव केला. त्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला हक्कसुद्धा अर्ज, पुरावे आणि नकाशे यांच्या वाटेनेच हाती येतो. मराठी न शिकवणे हा त्या मुलावर दुसरा अन्याय ठरेल. स्वतंत्र मोझांबिकनेही अनेक भाषांच्या देशात पोर्तुगीजच राजभाषा ठेवली.

म्हणून मराठी शिकवावी की नाही हा वादाचा मुद्दाच नाही. ती शिकवलीच पाहिजे आणि चांगली शिकवली पाहिजे. मुद्दा असा आहे की नवी भाषा देताना आपण जुनी काढून घेतो का? देण्यासाठी काढून घ्यावेच लागते हे आसिमिलादोच्या दाखल्याचे तत्त्व होते. त्या मुलाला 'हिरवा हा आमचा देव आहे' असे पूर्ण मराठी वाक्य आम्ही शिकवू शकलो असतो. त्यासाठी लाल शाईची गरज नव्हती. एक प्रश्न पुरला असता. 'बाळ, हिरवा म्हणजे काय रे?' एवढे विचारले असते तर त्याला मराठी आली असती आणि आम्हाला हिरवा कळला असता. आम्ही प्रश्न विचारला तो समासात, उत्तर आधीच ठरवून. असा प्रश्न हा खरा निकालच असतो.

आमचा हेतू चांगला होता, हे आम्ही स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. पण आमच्या गुरुजींचा हेतूही चांगलाच होता. चांगल्या हेतूने झालेली इजा भरून यायला जास्त वेळ लागतो, कारण जखमी माणसाला तक्रार करायला जागाच राहत नाही. वाईट शिक्षकावर मूल चिडू शकते. आमच्यासारख्या शिक्षकापुढे ते फक्त आपले वाक्य बदलू शकते.

हा विचार आम्हाला आफ्रिकेतून उसना आणावा लागला याचीही थोडी शरम वाटते. तो आमच्या घरात होता. कुरआन शरीफच्या सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी म्हणून सांगितली आहे. निशाणी पुसून टाकायची नसते, ती वाचायची असते. जव्हारला पीर शाह सद्रुद्दीन बद्रुद्दीन हुसैनी चिश्ती यांचा दर्गा आहे. उरुसाला आजूबाजूच्या पाड्यांवरून आदिवासी येतात. माथा टेकून आपापल्या बोलीत मागणे मागतात. आधी भाषा शुद्ध करून या, असे त्यांना दर्ग्यात कोणी सांगत नाही. मजारीपुढे जे चालते ते आमच्या वर्गात चालत नव्हते.

क्राव्हेरिन्यांचा वारसा नुसता पुस्तकांत नाही. मापुतोत मुलांबरोबर फुटबॉल खेळणारी एक मुलगी त्यांच्या नजरेस पडली. तिच्या पायातली धाव त्यांनी ओळखली आणि तिला मैदानी शर्यतींकडे वळवले. ती मारिया मुतोला. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये तिने ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. कवीचे काम शब्द लिहिणे असते, तसे समोरच्या माणसात जे आहे ते पाहणेही असते. आमच्या मोखाड्याच्या शिवेपलीकडे, हरसूलच्या बाजूला सावरपाडा आहे. तिथली कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. या डोंगरांतून पाय बाहेर पडले, जगाने ते पाहिले. इथले पाणीही बाहेर जाते. मोखाडा तालुक्यात बांधलेल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईची तहान भागते आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर बाया हंडे घेऊन दूरवर चालतात. इथले शब्द मात्र शाळेच्या उंबऱ्यावर अडतात. धवलेरींची गाणी कोणत्याच पाठ्यपुस्तकाची वाट चालत नाहीत. म्हणून त्या कवयित्री नव्हेत काय? क्राव्हेरिन्यांना बक्षीस मिळाले कारण ते पोर्तुगीजमध्ये होते. त्यांच्या आईच्या भाषेतल्या गोष्ट सांगणाऱ्या म्हातारीला कोण बक्षीस देणार? हा सल त्यांच्याही कवितेत आहे असे आम्हाला वाटते. नाहीतर त्या म्हातारीचे पहिले शब्द त्यांनी पुस्तकाच्या कपाळावर कशाला लिहिले असते?

आम्ही ज्या निष्कर्षाला आलो तो साधा आहे. भाषा कोणाची, याचे उत्तर जन्माच्या दाखल्यावर मिळत नाही. ज्याने तिच्यात आपले दुःख सांगितले त्याची ती झाली. पण तिच्यावर हक्क सांगणाऱ्यावर एक जबाबदारीही येते. मागून जो येत आहे त्याच्यासाठी दार उघडे ठेवायचे. आम्हा मुसलमानांच्या शब्दांनी मराठी मोठी झाली असे आम्ही अभिमानाने म्हणतो. मग वारल्यांच्या, कातकऱ्यांच्या शब्दांनी ती अशुद्ध होते असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार उरत नाही. आमच्या वार्षिकांत आमच्या कहाण्या येतात, त्या आल्याच पाहिजेत. पण आमच्या शेजारच्या पाड्यावरच्या माणसाला आम्ही कधी पान दिले का, हेही विचारले पाहिजे.

तो मुलगा आता बाप्या झाला असेल. त्याची मुले शाळेत जात असतील. ती वही कधीच चुलीत गेली असेल. बरोबरची खूण मात्र चुकीच्या वाक्यावर राहिली, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याने पहिल्यांदा लिहिले होते तेच बरोबर होते, हे निदान इथे तरी लिहून ठेवावे, म्हणून हा लेख.